चाकांवरच्या घराची वास्तुशांत

त्या सकाळी मी गांधीबागेच्या बाजारात पडद्यांचं कापड आणायला गेले होते. ब्याऐंशी सालचा मे महिना. दुकानं नुकती उघडत होती, तरी डांबर चपलेला चिकटत होतं.

"काकू, खिडक्या केवढ्या आहेत?" दुकानदारानं विचारलं.

"लहानशाच. मोटारीच्या आहेत नं," मी म्हटलं.

तो हसला. मीही हसले. लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यावर मी पहिल्यांदाच कुठेतरी जाणार होते, त्यामुळे मला त्या दिवसांत कशाचंही हसू यायचं.

आमचे हे, अनंतराव, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. प्रवासाचे बेत आखणं हा त्यांचा छंद, आणि प्रवास न करणं ही सवय. पुरीचा बेत झाला, काश्मीरचा झाला, रामेश्वरचा तर दोनदा झाला. प्रत्यक्षात माझं जग रामटेकला सुरू होऊन रामटेकलाच संपत होतं. पोरंबाळं नाहीत, सासर-माहेर दोन्ही नागपुरातच. आगगाडीची शिट्टी ऐकली की मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. हे मी कोणाला सांगितलं नाही, आज सांगते.

मग त्यांच्या वाचनात आलं की राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला, वाळवंटातच राष्ट्रीय उद्यान केलं आहे. तिथे माळढोक दिसतात, वाळूचे डोंगर रातोरात जागा बदलतात. यांनी ध्यासच घेतला. रजा मिळायची ती मे महिन्यातच, आणि वर यांचं म्हणणं असं की वाळवंट पाहायचं तर तापलेलंच पाहावं. थोरल्या नणंदबाई, यमुताई, म्हणाल्या, "अनंता, नागपूरचा उन्हाळा कमी पडला का तुले? आगीतून फुफाट्यात जाऊन राहिला!"

पण या वेळी बेत कागदावर राहिला नाही. कळमन्याच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे जुनी रुग्णवाहिका उभी होती, ती यांनी घेतली. ती धडधडत स्वतःच्या चाकांनी सक्करदऱ्यापर्यंत आली आणि आमच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी राहिली. हे मुद्दाम सांगते. तेव्हा ती चालत होती.

नत्थू सुतारानं आत दोन बाक ठोकले, एक पुढे बसायला, एक मागे निजायला. स्टोव्हला कट्टा झाला, माठांना तिवई झाली. फिनेलचा जुना वास काही जात नव्हता, म्हणून मी वाळ्याची जुडी टांगली. तो डबा इतका गोजिरा दिसायला लागला की मी दुपारची भांडी आटोपली की तिथेच जाऊन बसायची. माझं घर. चाकांवरचं, पण माझं.

आणि इथेच आमची अक्कल गहाण पडली.

"घर म्हटलं नं? मग वास्तुशांत करू," हे म्हणाले. त्यांना गंमत वाटत होती. यमुताईंनी मात्र ते मनावर घेतलं.

आमचे नेहमीचे गुरुजी ऐकूनच उठले. "अनंतराव, वाहनाची पूजा करतो. नारळ फोडा, चाकाखाली लिंबू ठेवा. पण वास्तू म्हणजे जागा. जे हलतं त्याची वास्तुशांत होत नसते. आणि ज्याची झाली, ते मग हलत नसतं."

"बरं, राहू द्या गुरुजी," मी म्हटलं. पण यमुताईंना कोणी नाही म्हटलेलं चालत नसे. त्या दुसऱ्या भटजींना घेऊन आल्या. वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात, पालथी. गाडीला कुठली आग्नेय? जशी उभी होती तशी धरली, आणि मागच्या बाकाखाली, जिथे पूर्वी रोग्याचं स्ट्रेचर असायचं तिथे, डबी करून ती प्रतिमा पालथी बसवली. दूध उतू गेलं. आम्ही केळीच्या पानांवर जेवलो.

जेवण झाल्यावर यमुताई मागच्या बाकावर टेकल्या. "काय गार लागून राहिलं वं इथं! उठावंसंच वाटत नाही मले."

तेव्हा मागून कोणीतरी हळूच काही म्हटलं. मला वाटलं, भटजी असतील. भटजी तर बाहेर विडा खात होते.

यमुताईंना उठता आलं नाही. आधी त्या हसल्या, मग रडकुंडीला आल्या. गुडघे वळेनातच. शेवटी यांनी आणि शेजाऱ्यांनी त्यांना उचलून घरात आणलं. डॉक्टर वात म्हणाले. त्या नंतर कधीच धड चालल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होईना. मेकॅनिक आला, त्यानं सगळं उघडून पाहिलं. दोष काहीच नव्हता. फक्त ती चालत नव्हती. त्याच दुपारी नत्थू एक राहिलेली फळी ठोकायला आला, आणि हातोडी तशीच घेऊन परत दारात आला.

"काकू, मागच्या बाकावर कोन निजून हाये? पालथं पडून हाये. त्याले उठवा नं, मले काम करू द्या."

मी जाऊन पाहिलं. बाक मोकळा होता. नत्थू माझ्या खांद्यावरून आत पाहत राहिला, मग सायकल काढून निघून गेला. फळी आजही अर्धवट आहे.

यांना मी सगळं सांगितलं. पण त्यांचं लक्ष कुठे होतं? गाडी बंद पडली म्हणून यांना दुःख तर झालंच नाही, उलट सुटल्यासारखं झालं. आता पुन्हा बेतच आखायचा होता! पंखा नाही, वारा नाही, पत्रा कडकड वाजतोय, आणि हे पुढच्या बाकावर मांडीवर नकाशा पसरून बसलेले. कोट्याहून जायचं की उदेपूरहून? माठ दोन घ्यायचे की तीन? वाळूत चाक रुतलं तर पोतं घालायचं की फळी?

"अवं सुहास, पाण्याचं पक्कं झालं पाहिजे. वाळवंटात पाणीच सगळं," हे मला म्हणायचे.

रजा संपत आली. मी बॅगा भरून ठेवल्या होत्या, तिखटमिठाच्या पुऱ्या करून ठेवल्या होत्या. त्या पुऱ्या मऊ पडल्या तेव्हा माझं डोकं फिरलं. भर दुपारी मी गाडीत चढले.

"अहो, आगगाडीनं जाऊ. आज तिकिटं काढा."

"जाऊ नं. आधी पाण्याचं..."

"पाणी, पाणी, पाणी! वीस वर्षं झाली. तुमचे हे बेत जन्मात संपायचे नाहीत... मेल्यावरही संपायचे नाहीत!"

"तथास्तु."

अगदी हळू. कोरड्या घशातून. मागच्या बाकाकडून.

शुभ बोलावं, वास्तू तथास्तु म्हणत असते, हे आईनं मला पाळण्यात असल्यापासून शिकवलं होतं. घरात मी कधी वावगं बोलले नाही. पण ही मोटार होती हो. मोटारीत कोण जीभ सांभाळतं? नवऱ्यावर चिडलेली कुठलीही बाई जे बोलते तेच मी बोलले.

मी यांचा हात धरून ओढलं. "बाहेर चला... आधी बाहेर चला." यांनी काही ऐकलंच नव्हतं. "एवढं होऊ दे वं," म्हणाले, आणि बोट पुन्हा नकाशावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जेवायला हाक मारली तर ओ नाही. जाऊन पाहिलं तर तसेच बसलेले. नकाशा मांडीवर, तोंड उघडं, ओठ तडकलेले. सकाळी मी भरलेला माठ शेजारीच होता, तळापर्यंत कोरडा. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. नागपुरात मे महिन्यात माणूस ऊन लागून गेला तर कोणी जास्त विचारत नाही.

तेराव्याच्या दुपारी पाहुणे पांगले होते. मी ओसरीवर पडले होते. अंगणातून कागद उलगडल्याचा आवाज आला. मग आवाज आला...

"सुहास, माठ दोन की तीन?"

ओरडायला हवं होतं, पळायला हवं होतं. मी काय केलं असेल? मी उठून बसले आणि म्हटलं, "दोन पुरेत." वीस वर्षांची सवय. आणि खरं सांगू? भीतीआधी मला राग आला. जिवंतपणी नेलं नाही, आणि मेल्यावरही सोडत नाहीत. कुठे जाऊ म्हटलं की पाय उचलत नाही, कारण दुपार झाली की कोणीतरी विचारणार आणि कोणीतरी उत्तर द्यायला हवं.

अशी चार वर्षं गेली. यमुताई गेल्या. गाडीची चाकं मातीत रुतली. शेवटी मी मन घट्ट केलं आणि कळमन्याच्या चंपतराव भंगारवाल्याला बोलावलं. "उद्या ट्रॅक्टर लावून घेऊन जा," म्हटलं.

त्या रात्री मला एक गोष्ट सुचली. जी जागा वाईटाला तथास्तु म्हणते, ती चांगल्याला का म्हणणार नाही? मी चार वर्षांत आत एक शब्द उच्चारला नव्हता, जे बोलले ते ओसरीवरून. एकदाच नीट बोलून पाहावं. कुठे पोचेन ते पोचेन. निघणं तर होईल.

सकाळ सरल्यावर मी प्रवासाची म्हणून घेतलेली, घडी न मोडलेली साडी नेसले, बॅग घेतली, दोन माठ भरून तिवईवर ठेवले आणि पुढच्या बाकावर बसले. नकाशा शेजारी पडला होता. वाळ्याची जुडी केव्हाच सुकली होती, तरी आत ओल्या वाळ्याचा आणि फिनेलचा वास येत होता. मी डोळे मिटले. आवाज कापू दिला नाही.

"चला, निघू या."

आणि वाट पाहिली. चंपतरावाचा ट्रॅक्टर यायला अजून वेळ होता. पत्रा तापून एकदा वाजला. त्या एका शब्दासाठी मी कान इतके लावले होते की रक्ताचा आवाज ऐकू येत होता.

कोणी काहीच म्हटलं नाही.

मग शेजारचा नकाशा उलगडला.

"थांब वं," हे म्हणाले. "आधी पाण्याचं पाहू. तिघांले पुरलं पाहिजे."

"तिघं... तिसरं कोण?"

नकाशाचं लोंबणारं टोक मागच्या बाकाच्या बाजूनं उचललं गेलं आणि कागद दोन्हीकडून ताठ झाला. कोणीतरी आता दुसऱ्या बाजूनं तो नीट धरून पाहत होतं.

चंपतरावाला मी परत पाठवलं. तो रागावला, काहून बोलावलं म्हणाला. मी त्याला ट्रॅक्टरचं भाडं दिलं.

आता रोज सकाळी मी आत तीन माठ ठेवते. एक पुढे यांच्याजवळ, एक मागे बाकापाशी. तिसरा दाराशी, त्यावर माझी पितळी वाटी पालथी घातलेली, म्हणजे तो माझा हे कळावं. संध्याकाळी तिन्ही कोरडे असतात. पहिले दोन समजण्यासारखे आहेत. पण माझ्या माठातला एक घोटही मी आजवर घेतलेला नाही, आणि वाटी मात्र रोज ओली असते.