डांबऱ्यावरून गेलेली वाकडी रेघ

"पुसून टाकू ती रेघ! आत्ताच्या आत्ता!" संघपाल ओरडला.

"अन् मंग? मच्छिंद्रकाका पुन्हा मारतील की!" मोनाली म्हणाली. "डोकं चालव जरा!"

हसनाबादजवळच्या त्यांच्या वाडीत टाकीपासून शाळेपर्यंत पाण्याचे पाइप टाकायचे होते. कुठे खोदायचं, ते ठेकेदाराच्या मच्छिंद्रकाकांनी काल दुपारी पांढऱ्या फक्कीने आखलं होतं. आज जेसीबी येणार होता. आणि रेघ गेली होती थेट डांबऱ्यावरून!

डांबऱ्या म्हणजे संघपालचा काळाकुट्ट कुत्रा. सुट्टी लागली आणि तो म्हातारपणाने गेला. मुलांनी त्याला शाळेमागच्या बाभळीखाली पुरलं. तेव्हापासून संघपाल सगळ्यांशी भांडत होता. एकदा तर स्वतःच्या सायकलशी!

"टाकी इथं, शाळा तिथं," आर्यन एक डोळा मिटून म्हणाला. "मंग रेघेनं मधेच पोट का काढलं?"

खरंच! कडुनिंबापाशी रेघ वळली होती आणि मोठा फेरा घेऊन बाभळीखालून शाळेकडे गेली होती.

तिघे मच्छिंद्रकाकांकडे धावले. काका चहा पीत होते.

"निंबाखाली खडक हाय," बशीतून डोकं न काढता ते म्हणाले. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं? चला, पळा जल्दी!"

मोनालीने घरून पहार आणली. निंबाखाली पहार सहज आत गेली.

"कुठंय खडक? नुसती माती हाय!"

"अन् हे काय?" आर्यन वाकला. जमिनीत चार छोटे खळगे होते.

तेवढ्यात पाइपांची राखण करणारे राधेश्याममामा आले. त्यांनी डोक्यावरची खाट उतरवली, तिचे चार पाय बरोबर त्या चार खळग्यांत ठेवले, आडवे झाले आणि घोरू लागले.

"हा घ्या खडक!" मोनाली म्हणाली. "कालही मामा इथंच झोपलेले असणार. त्यांना उठवायचा काकांना कंटाळा!"

मामांना हलवून पाहिलं. हाका मारल्या. मामा ढिम्म!

"खाटच उचलू," संघपाल म्हणाला.

पण माणसं तीन आणि पाय चार!

"काय चाल्लंय रे?" मागून आवाज आला. सरपंच गिरिजाबाई! मोनालीने सगळं सांगितलं. गिरिजाबाईंनी पदर खोचला आणि चौथा पाय धरला.

"मच्छिंद्राला समजावत बसलं तर संध्याकाळ होईल. उचला!"

खाट डुलत डुलत बाभळीच्या सावलीत गेली. मामांनी फक्त कूस बदलली! मग सुतळी ताणून मुलांनी उरलेल्या फक्कीने सरळ रेघ आखली आणि वाकडी पायाने पुसली. जेसीबी आला आणि पांढऱ्या रेघेवरून मुकाट खोदत गेला.

"आं? रेघ सरळ कशी झाली?" मच्छिंद्रकाका धावत आले.

"खडक उचलून ठेवला आम्ही," गिरिजाबाई म्हणाल्या. "बघा, पाइपही कमी लागले. तुमच्यापेक्षा ही पोरं बरी, उन्हात उभी राहून मोजतात तरी!"

जेसीबीच्या आवाजाने मामा दचकून उठले.

"माझं झाड कुठं गेलं?"

"झाड तिथंच हाय, मामा," आर्यन म्हणाला. "तुम्हीच इकडं आले, डांबऱ्याशेजारी!"

मामांनी मातीच्या उंचवट्याकडे पाहिलं. "रोज दुपारी माझ्या खाटेखालीच झोपायचा गडी," ते म्हणाले. "तो गेला तवापासून मला झोपच लागत न्हाई."

सगळे पोट धरून हसले. सर्वांत मोठ्याने हसला संघपाल. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो हुंदके देऊ लागला.

मामा खाटेवर सरकले. "ये, बस," ते म्हणाले.