वाटेकरी

विश्वास कोणावर ठेवावा हो, पियुषराव? गोड बोलणाऱ्यावर, कडू बोलणाऱ्यावर, की मुळीच न बोलणाऱ्यावर? विचार करा, चहा येईपर्यंत वेळ आहे. त्या फळ्यांना टेकू नका, भुसा लागेल. खुर्ची घ्या.

उद्या तुम्ही वृक्षगणनेसाठी खडकवासल्याच्या अलीकडच्या त्या राईत जाणार असं कळलं, म्हणून मुद्दाम वखारीत बोलावून घेतलं. तुम्हाला शिकवावं एवढा मी शिकलेला नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं लाकडानं शिकवलं, आणि उरलेलं गिऱ्हाइकांनी. नारायण पेठेतले एक आजोबा माझ्याकडून पोळपाट घेऊन गेले आणि कितीतरी वर्षांनी तो परत घेऊन आले. "चीर पडली. आपण जन्मभर टिकेल म्हणाला होतात." मी म्हटलं, "आजोबा, कोणाचा जन्म ते आपण विचारलं नव्हतंत." ते म्हणाले, "झाडाचा तर तुम्ही आधीच संपवला होतात!" नवा पोळपाट तसाच दिला. अशा उत्तराचे पैसे घ्यायचे नसतात.

तर, झाडाचा जन्म. तो नेमका कधी संपतो हे मला अजून कळलेलं नाही. मुळशीकडे एकदा एका मालकाच्या रानात ऐनाचा जुना बुंधा बघायला गेलो होतो. झाड तोडून मालकाची एक पिढी उलटली होती. फांदी नाही, पान नाही. पण माझ्या वखारीतल्या जयसिंगनं कुऱ्हाड टाकली, तर आतून ओला रस. खणून पाहिलं. शेजारच्या ऐनाचं मूळ ह्याच्या मुळात असं मुरलेलं, की कुठलं कोणाचं ते सांगता येईना. इतकी वर्षं शेजारी त्याला जेवू घालत होता! आणि जिथं मुळं चिकटत नाहीत, तिथं मातीत पांढरी बुरशी असते, कापसाच्या सुतासारखी. ती ह्याचं त्याला, त्याचं ह्याला पोचवते. जयसिंग कुऱ्हाड खांद्यावर टाकून म्हणाला, "भाई, राहू द्या. ह्याचं घर चालू हाय." राहू दिलं.

हे डोक्यात ठेवा, आणि आता ऐका.

गेल्या वैशाखात संभाजीरावांचा फोन आला. "अय्युबभाई, आमच्या राईतली झाडं वाळायला लागलीत. बघून भाव सांगा." त्यांचं गाव महापालिकेत आलं आणि जमिनी विकता विकता हा माणूस मोठा झाला. बोलायला मोकळा, चहाला कधी नाही म्हणणार नाही. मात्र दोन भावांशी कोर्टात, चुलत्याशी बोलणं बंद. थोरला भाऊ वारला, तसं वहिनीला, म्हणजे मथुराबाईंना, राईच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत काढलेलं. मुलगा साईनाथ परदेशी गेला तो बापाचा फोन उचलत नाही. घरात एक बायको, प्रेमलाताई.

भर दुपारी पोचलो. बाहेर किडे कर्कश ओरडत होते. राईत पाऊल टाकलं आणि आवाज थांबला. मधोमध जुना बेहडा, भोवती जांभूळ, आंबा, ऐन, करंज. सावली गार होती, पण वास... फवारणी झालेल्या शेतातून येतो तसा, नाकात चिकटणारा.

बेहड्याच्या बुंध्यावर मेणानं बुजवलेली भोकं दिसली. गिरमिटानं पाडलेली. तुम्हाला काय सांगायचं? हिरवं झाड तोडायला परवानगी मिळत नाही, वाळलेल्याला लगेच मिळते. म्हणून भोक पाडायचं, विष ओतायचं, मेण लावायचं आणि वाट बघायची. आपल्याकडची रीतच पडली आहे ती.

पण बेहडा वाळलेला नव्हता. वरून खालपर्यंत हिरवा. उलट भोवतीच्या प्रत्येक झाडाची एकेक फांदी तेवढी काळी पडली होती.

मथुराबाई खोलीच्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "याकाला पाजलं. समद्यांनी वाटून घेतलं."

"गप बसा, वहिनी," संभाजीराव हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चुकलंच माझं. एकट्याला देऊन भागत नाही, बाकीचे सांभाळून घेतात. काल सगळ्यांना एकदम दिलंय. आता कोण कोणाला सांभाळतंय बघू. पंधरवड्यात भाव करू."

मी म्हटलं, "संभाजीराव, मला नको. विषाच्या लाकडाचा भुसा माझ्या कारागिरांच्या नाकात जातो."

"तुम्ही पण ना, भाई! दुसरा वखारवाला बघू."

मी निघालो. गाडीत बसेपर्यंत पाठीवर कोणीतरी बघतंय असं वाटत राहिलं. वळून पाहिलं तर मथुराबाईंचे डोळे सुपातच होते.

पंधरवडा झाला. फोन आला तो प्रेमलाताईंचा. "भाऊ, ह्यांना बरं नाही. डॉक्टरांना कळत नाही. तुम्ही झाडांतलं जाणता... या."

मी विचारलं, "आजारी माणसाला बघायला झाडांतलं कशाला लागतं?" त्यांनी पुन्हा "या" म्हणून फोन ठेवला.

जयसिंगला घेऊन गेलो. ऊन कलायला लागलं होतं. संभाजीराव राईत होते, बेहड्याला पाठ लावून, अनवाणी, पाय मातीत घोट्यापर्यंत. अंगावरची कातडी पापुद्र्यासारखी सुटलेली. आणि राई? एवढी हिरवी राई मी आयुष्यात पाहिली नाही. काळी पडलेली एकही फांदी उरली नव्हती.

प्रेमलाताई मला बाजूला नेऊन सांगायला लागल्या. आधी तहान लागायची. घागर तोंडाला लावायचे, टाकी संपवायचे, तरी जीभ कोरडी. कोथरूडच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवलं. रक्त, लघवी, सगळं चांगलं. माणूस तेवढा वाळत चाललेला. एक दिवस स्वतःच गाडी काढून इथं आले आणि बूट काढून बसले, तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. तेव्हापासून उठवलं की श्वास बंद पडतो. "घरी न्यायचंय मला ह्यांना, भाऊ. दुसरं काही नको. जमीन जाऊ दे, पैसा जाऊ दे. हा माणूस घरी आला पाहिजे."

मी संभाजीरावांपाशी टेकलो. "कसं वाटतंय?"

"इथं बरं आहे..." त्यांचा आवाज पोकळ खोडातून यावा तसा येत होता. "पाणी खालून येतं, भाई. गार. पण त्याच्याबरोबर... ते पण येतं."

"काय येतं?"

"मी दिलेलं."

प्रेमलाताई मथुराबाईंच्या पाया पडल्या. "जाऊबाई, सोडवा ह्यांना. तुमचं ऐकतात ती झाडं."

"म्या काय धरलंय व्हय त्याला?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "इख समद्यांच्या अंगात गेलं. ठिवायचं कुटं? आपसात वाटून संपंना. तवा ह्याला बी वाटेकरी केला. रोज थोडं देत्यात."

"मग पाणी कशाला देतात?"

"आगं, मेला तर वाटा कुनाला द्यायचा?"

जयसिंगनं माझा हात धरला. मी त्याला खुरपं दिलं आणि म्हटलं, "पायाजवळची माती काढ. हळू." त्यानं काढली. संभाजीरावांच्या टाचांच्या भेगांमधून पांढरी सुतं निघाली होती. केसाएवढी बारीक, शेकडो. काही बेहड्याकडे गेलेली, काही जांभळाकडे, काही करंजाकडे. ओल्या लाकडात मी ती रोज बघतो. माणसात पहिल्यांदा पाहिली. ती हलत होती, पियुषराव. भरल्या नळीत पाणी सरकतं तशी.

मी काही बोलायच्या आत प्रेमलाताईंनी विळा घेतला आणि एका पायाची सुतं सपकन कापली.

संभाजीरावांचा आवाज गेला. ओठ आत ओढले गेले, डोळे खोल गेले, बघता बघता. प्रेमलाताई तांब्यातलं पाणी तोंडात ओतायला लागल्या, तर मेण लावलेल्या फळीवरून ओघळावं तसं ते हनुवटीवरून खाली.

"कापून काय व्हनार?" मथुराबाई म्हणाल्या. "वाटा घेनारं कुनी पायजे. झाडाला झाड हाय. ह्याला कोन हाय?"

"मी आहे," प्रेमलाताई म्हणाल्या. चपला काढल्या, नवऱ्याशेजारी बसल्या आणि दोन्ही पाय मातीत रोवले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग संभाजीरावांच्या छातीत श्वास भरला. दुसऱ्या पायाची सुतं आपोआप सैल झाली आणि गोगलगायीची शिंगं आत जावीत तशी मातीत शिरली. गालांवर रंग आला. त्यांनी पाय हलवून बघितला. उठून उभे राहिले.

प्रेमलाताई हसल्या, रडल्या, आणि उठवण्यासाठी हात वर केला. "चला, घरी जाऊ."

संभाजीरावांनी त्या हाताकडे बघितलं. मग बायकोच्या मातीतल्या पायांकडे.

"तू बस," ते म्हणाले. "मी गाडी घेऊन येतो."

गाडी समोरच उभी होती.

त्यांनी बूट घातले, नाडीसुद्धा बांधली. दार लावलं आणि धूळ उडवत निघाले. प्रेमलाताईंचा हात तसाच वर राहिला होता. जयसिंग पुटपुटला, "भाई... ते येनार न्हाईत." त्या बाईंना ऐकू गेलं असणार. त्यांनी हात खाली घेतला आणि पदरात झाकला.

मी त्यांच्या पायांभोवतीची माती चाचपली. एकही सूत नव्हतं. मथुराबाई उठल्या, जावेच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. "ऊठ गं. तुज्याकडं त्येंचं काय बी न्हाई." इतक्या वर्षांत त्या दोघी एकमेकींना शिवल्या असतील असं वाटत नाही.

आणि तेव्हा वारा नसताना बेहड्याची पानं हलली. सगळ्या झाडाची नाही, एका अंगाची. मग त्याच्या पुढच्या जांभळाची. मग ऐनाची, मग कडेच्या करंजाची. एकानं दुसऱ्याच्या कानात सांगावं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, तसं ते रस्त्याच्या दिशेनं गेलं. मग रस्त्याकडेच्या गवतातून गेलं. मग दिसेनासं झालं.

मथुराबाई म्हणाल्या, "निघा. लांब न्हाई गेला."

माझ्या टेम्पोतून निघालो. पहिल्याच वळणावर गाडी दिसली. दार उघडं, इंजिन चालू, गार हवा रस्त्यावर वाहत होती. कडेच्या मातीत बूट होते, धरणाच्या पाण्याकडे टोकं करून. नाड्या बांधलेल्या होत्या. तळ मात्र खालून फाटून मातीत गेलेले. बुटांच्या वर एक झाड उभं होतं. मनगटाएवढ्या जाडीचं, पुरुषभर उंचीचं, साल अजून ओली. मी उभा जन्म लाकडात काढला, पण त्या झाडाचं नाव मला सांगता येत नाही.

प्रेमलाताई पुढे गेल्या. अगदी जवळ. "अहो..." एवढंच म्हणाल्या.

वरून एक थेंब पडला. आभाळ कोरडं होतं.

पोलिसांत माणूस हरवल्याची तक्रार झाली. धरणाच्या कडेपर्यंत शोधलं. सापडलं काही नाही. प्रेमलाताई आता मथुराबाईंच्या खोलीत राहतात. दोघी मिळून भाजी पिकवतात, भांडतातही मस्त. नवऱ्याच्या झाडाला पाणी घालायला त्या कधी गेल्या नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "गाडी घेऊन येणार आहेत ना ते? बसलेय मी."

ते झाड महिन्या-दोन महिन्यांनी पार वाळतं. पानं गळतात, साल सुकते, वाटतं, सुटला बिचारा. मग आठवड्यात राई त्याला पुन्हा हिरवं करते. बुंध्यावर भोकं पडली आहेत, गिरमिटाएवढी. मी बोटानं कडा चाचपल्या. ती बाहेरून आत गेलेली नाहीत, पियुषराव. आतून बाहेर आली आहेत.

घ्या, चहा गार झाला तुमचा. दुसरा सांगू?

त्या जमिनीला नवीन घेणारा मिळालाय म्हणे. तुमच्या गणनेत राईतली झाडं कमी दिसली तर काम सोपं होईल, असं त्याचं म्हणणं. तुम्हाला त्याचा फोन आला का, ते मी विचारत नाही. उत्तरही देऊ नका. मी गेल्या शुक्रवारी तिकडून येताना वळणावर थांबलो, तेव्हा त्या झाडाशेजारी दुसरं एक उगवलेलं दिसलं. गुडघ्याएवढं, त्याच जातीचं. प्रेमलाताई घरी आहेत, मथुराबाई घरी आहेत, जयसिंग बाहेर करवतीवर आहे, ऐकू येतोय ना? मी ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून बघितला. सगळे आहेत. त्या रोपाखाली मात्र दोन पावलांएवढी माती भुसभुशीत झालेली आहे, कोणीतरी यायचंय म्हणून केल्यासारखी.

तेवढा हिशेब खरा लिहा, पियुषराव. नाव येत नसेल तर रकाना मोकळा सोडा. पण एकही झाड गाळू नका. ते लहानसुद्धा मोजा.