फुलाफुलांची खोळ

हार्दिक तिसऱ्यांदा दुकानात आला तेव्हा सोमीने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि त्याच्याकडे नीट बघून घेतलं. तोच निळा शर्ट, तोच बाइकला दोरीने बांधून आणलेला जुना सीपीयू, आणि तीच तक्रार.

"घरी नेला की पुन्हा तसाच. बटण दाबून मी आंघोळ करून येतो, तरी हा सुरू होतोयच!"

पहिल्यांदा तो आला होता तो केवळ शेजारचं दुकान बंद होतं म्हणून. वेवजी गावची सोमी डहाणू स्टेशनजवळच्या या दुकानात काँप्युटर दुरुस्त करायची. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. पहिल्या खेपेला तिने आतली धूळ काढली, सुरू होतानाच आपोआप उघडणारे नको ते प्रोग्राम बंद केले. दुसऱ्या खेपेला हार्डडिस्क तपासली. आताही तिने वायर जोडली, बटण दाबलं... आणि स्क्रीन लगेच उजळली.

"बघा."

"इथे होतो हो! घरी होत नाही."

"इथे हुशार, घरी आळशी. मालकावर गेलाय."

"मी आळशी? पहाटे बोटीवरची मासळी उतरवून आलोय मी."

"मग खोटारडे बोलू?" सोमीने डोळे बारीक केले. "मुद्दाम बिघडवून आणता ना? असे बरेच बघितलेत मी. एकाने तर माऊसची वायर दाताने तोडून आणली होती."

हार्दिकचे कान लाल झाले, पण नजर हलली नाही. "वरोरला घरी येऊन बघा. खोटं निघालं तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

सोमीला तो आवडायला लागला होता — म्हणूनच तिला खरं काय ते कळायला हवं होतं. खोटं बोलून जवळ येणारा माणूस तिला नको होता, मग तो कितीही छान हसो.

सुट्टीच्या दिवशी ती वरोरला गेली. अंगणात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. हार्दिकचे वडील भिकूकाका दारात बसून जाळं दुरुस्त करत होते. आतल्या टेबलावर सीपीयू चालू होता, पण दिसत नव्हता. त्याच्यावर फुलाफुलांच्या कापडाची खोळ होती. सगळीकडून शिवलेली, पुढे बटणापुरतं भोक.

सोमीने मागून हात लावला. तव्यासारखं तापलं होतं.

"चालू असताना पण ही असते?"

"असतेच," हार्दिक म्हणाला. "खारा वारा लागू नये म्हणून आईने शिवली."

"दुकानात कधी दिसली नाही ती!"

"बाबा काढून ठेवतात. मळेल म्हणून."

सोमीला हसू फुटलं. "अहो, याचा श्वास कोंडतोय! तापलं की मशीन आपोआप हळू चालतं, जळू नये म्हणून..." बोलता बोलता तिचं लक्ष दाराकडे गेलं. भिकूकाकांचा हात जाळ्यावर थांबला होता.

"बाय, ती नको काढू," ते म्हणाले. "याच्या आईची, वेणूची शेवटची शिलाई आहे ती."

हार्दिक खाली बघू लागला. सोमी मात्र काकांजवळ जाऊन बसली.

"काढायची नाही, काका. मागची बाजू तेवढी मोकळी हवी."

"मी तेव्हाच बोललो होतो तिला, मागून उघडी ठेव. ऐकेल तर वेणू कसली!" काकांनी कात्री उचलली, कापडाजवळ नेली... आणि ती तिथेच राहिली.

"कापू नका," सोमी म्हणाली. "मी उसवते."

मशीन बंद करून सुईच्या टोकाने तिने एकेक टाका सोडवला. मागचं कापड निघालं, ते घडी करून तिने काकांच्या हातात दिलं. काकांनी ते खिशात ठेवलं. मग जाळ्याचा दोरा घेतला आणि त्या रिकाम्या जागी बारीक जाळी विणायला लागले. मशीन तोवर निवलं. खोळ पुन्हा चढली, सोमीने बटण दाबलं, आणि हार्दिक खुर्ची ओढेपर्यंत स्क्रीन उजळली.

"आता वारा आत जाईल," काका म्हणाले. "आणि ती पण राहील."

निघताना हार्दिक तिच्यासोबत रस्त्यापर्यंत आला.

"खोटं निघालं नाही," सोमी म्हणाली.

"एक सांगू? तिसऱ्यांदा दुकानाकडे निघताना मला वाटत होतं... नीट झालं नाही तर बरं."

"म्हणजे थोडं खोटं होतंच."

"थोडं. बाकी सगळं खरं. तू मला आवडतेस, सोमी. आता तर मशीन पण बिघडणार नाही. काय घेऊन येऊ?"

"काहीच नको आणूस," ती म्हणाली. "नुसता ये."

दुसऱ्या दिवशी तो आला. बाइकवर दोरी नव्हती, सीपीयू नव्हता. दुकानाच्या दारात उभं राहून रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना...

सोमीला कळलं. तिने त्यातला एक आपल्या हातात घेतला.