तीट आणि टिप्या

कुहूची अंघोळ झाली की ऋजुता तिला खिडकीशी दुपट्यावर निजवायची, काजळाच्या डबीत करंगळी बुडवायची आणि तिच्या गालावर तीट लावायची. तेवढ्यात छतावरचा टिप्या ‘टिक्’ करायचा आणि एखादा डास फरशीवर पडायचा. चिपळूणच्या त्या सोसायटीत या आवाजाकडे आता कुणाचं लक्षही जात नसे.

टिप्या हे लोकांनीच ठेवलेलं नाव. बशीएवढं यंत्र, मधोमध फिरता काचेचा डोळा. घरात लहान, काळं आणि हलणारं काही दिसलं की त्यातून सुईसारखा बारीक किरण सुटे. कुठल्याच औषधाला दाद न देणारा ताप डासांनी आणला, तेव्हा सोसायटीने घरोघर टिप्या बसवला. डास हटले. त्यांच्याबरोबर मुंग्या गेल्या, भुंगे गेले, वाट चुकून आत येणारी फुलपाखरंही गेली.

म्हणून त्या सकाळी खिडकीच्या चौकटीवर कोळी दिसला तेव्हा ऋजुता पाहतच राहिली. तांदळाच्या दाण्याएवढा, करडा, पाठीवर पांढरे पट्टे. जाळं न विणता दबा धरून उडी घालणारा. तिच्या लहानपणी असे घराघरांत असायचे. त्याने गर्रकन वळून समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

“अरे, तू कसा वाचलास?”

टिप्याचा डोळा खिडकीकडे फिरला. कोळी जागच्या जागी थिजला. डोळा पुढे सरकला आणि कोळ्याने टुणकन उडी मारून डास धरला. पुन्हा डोळा आला, पुन्हा पुतळा! ऋजुताला हसू फुटलं. हलेल त्यालाच मारायचं, हा टिप्याचा नियम एवढ्याशा जिवाने ओळखला होता. कुहूलाही तो दिसला असावा. ती खिदळली, पाय झाडत मान इकडून तिकडे वळवू लागली.

टिक्.

कुहूने टाहो फोडला. गालावर, बरोबर तिटेभोवती, लाल चट्टा उठला होता.

सासूबाई पोळी तव्यावर टाकून धावत आल्या. “अगं, माणसाच्या अंगावर मारत नाही म्हणाले होते ना?”

सेक्रेटरी पाटणकरकाकांना बोलावलं. त्यांनी चट्टा पाहिला, चष्मा पुसला. “गेल्या आठवड्यात टिप्यात सुधारणा केलीय. आता तो अंगावर बसलेला डासही टिपतो. त्यासाठी किरण मंद ठेवलाय, नुसतं लाल होतं. तुम्ही तीट लावू नका, झालं!”

“बरं. हिच्या मांडीवर तीळ आहे, तो काढून टाकू?”

“सूनबाई, तिरकं नका बोलू.”

“आणि बुबुळ, काका? तेही लहान, काळं, आणि दिवसभर हलतं.”

काकांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “माझा धाकटा भाऊ गेला त्या तापात. एक घर उघडं राहिलं तर अख्ख्या इमारतीला धोका. टिप्या बंद केलात तर माझ्या फोनवर लगेच कळेल.”

“तुमचं दुःख कळतं मला. पण कोळ्याला पुतळा होता येतं, काका. माझ्या मुलीला मी हलू नकोस असं नाही शिकवणार.”

तिने कुहूला सासूबाईंकडे दिलं, स्टूल ओढलं. “आई, काजळ द्या.”

सासूबाईंनी एकदा पाटणकरांकडे पाहिलं आणि डबी पुढे केली. “करंगळीने नको. अंगठ्याने लाव, चांगली जाड.”

स्टुलावर चढताना ऋजुताच्या लक्षात आलं, की आपला काळा अंगठाही लहान आहे आणि हलतोय. टिप्याचा डोळा तिच्याकडे वळला. ती थिजली. श्वासही रोखला. डोळा पुढे सरकला, हात वीतभर वर गेला. पुन्हा डोळा, पुन्हा पुतळा. तिसऱ्या खेपेला तिने झडप घातली आणि काचेवर काजळ फासलं.

पाटणकरांचा फोन वाजला. त्यांनी वाचलं आणि ते चाट पडले. “घर पूर्ण सुरक्षित. कीटक शून्य.”

“आंधळ्याला काय दिसणार?” सासूबाई म्हणाल्या. “कुणाची दृष्ट लागू नये म्हणून लावतो आपण तीट, ती अशी कामाला आली!”

“आणि डास आले तर?” काका चिडले होते, की घाबरले होते?

“मच्छरदाणी आहे. पाणी साचू देणार नाही. आणि हा आहे.” ऋजुताने खिडकीकडे बोट केलं.

“एवढासा कोळी पुरणार?”

“माहीत नाही. पण त्याला डास आणि तीट यांतला फरक तरी कळतो.”

काका निघून गेले. तक्रार येणार, बैठक बसणार, हे ऋजुताने गृहीतच धरलं. बोलायचं काय, याची तिने कुहूला थोपटता थोपटता तयारीही केली.

संध्याकाळी दार वाजलं. दारात पाटणकरकाका, कडेवर त्यांची नात. तिच्या पापणीवर एक ठळक तीळ होता आणि ती डोळे मिचकावत होती.

“सूनबाई, थोडं काजळ मिळेल का?” ते म्हणाले. मग खिडकीकडे पाहत, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “आणि असा कोळी... आणखी एखादा उरला असेल का हो कुठे?”