निळ्या दोऱ्याची केबल

"बाबांचा फोन गेला, काका. आणि तो कोणीतरी घालवलाय," शेजारची मुलगी दारातच म्हणाली. निवृत्त फौजदार पायात चपला सरकवून तसेच निघाले.

बाबा जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. त्यांचा आवाज, त्यांनी गुणगुणलेली गाणी, सगळं त्या एका फोनात होतं. दुरुस्तीवाल्याने कसाबसा तो चालू करून बजावलं होतं, अर्धा तास चालेल, तेवढ्यात सगळं उतरवून घ्या. एकदा बंद पडला की संपलं. तिने निळ्या दोऱ्याची केबल लावली, तर कॉम्प्युटरला फोन दिसेचना. बिघाड कॉम्प्युटरचाच असणार असं समजून ती त्याच्याशी झटत बसली. तेवढ्यात फोनने मान टाकली.

घरातल्या दोन्ही केबल दिसायला सारख्या. म्हणून बाबांनीच दोरे बांधले होते: लाल नुसत्या चार्जिंगची, निळी डेटाची. त्या दोऱ्यांवर कोण कशाला शंका घेईल?

मुलीला संशय धाकट्या काकांचा. जुना फोन मोडीत काढा, असा त्यांनी धोशा लावला होता. धाकटे काका वैतागून म्हणाले, केबलमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही. आई खिडकीशी फ्रॉकला हातशिलाई करत होती. तिने दातांनी दोरा तोडला आणि चहा टाकू का म्हणून विचारलं.

फौजदारांनी स्वतःचा फोन दोन्ही केबलना लावून पाहिला. निळीने चार्जिंग झपाट्याने होत होतं, पण कॉम्प्युटरला फोनचा पत्ताच नाही. लालने चार्जिंग रडतखडत, फोटो मात्र भराभर उतरले. मग ते गाठी निरखत बसले.

"बाबा दोरा कसा बांधायचे?"

"गाठ मारून टोकं काडीने जाळायचे. सुटू नये म्हणून."

"ही टोकं जळलेली नाहीत, कात्रीने कापलेलीही नाहीत. चावून तोडलीत. कोणीतरी दोरे बदललेत. त्याला केबलमधलं काही कळावं लागत नाही. कुठला दोरा कशाचा, एवढं माहीत असलं की पुरे." ते वळले. "का केलंत, वहिनी?"

आईने सुई खाली ठेवली. बाबा गेले त्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. त्यांचा फोन तिने मुद्दाम उचलला नाही. मग त्यांच्या आवाजातला निरोप आला, छातीत कळ येतेय, लवकर ये. तिने तो स्वतःच्या फोनमधून पुसला. त्यांच्या फोनात तो राहिलाच.

"हिने तो ऐकला असता, तर माझं तोंड तरी पाहिलं असतं का?"

फौजदारांनी दोन्ही केबल खाली ठेवल्या.

"तो मी त्याच दिवशी ऐकला होता, आई," मुलगी म्हणाली. "मी कधी बोलले का तुला? मला फक्त त्यांची गाणी हवी होती."

आईने लाल दोऱ्याची केबल उचलली, फोनला लावली आणि बटण दाबून धरलं. किती तरी वेळ तिने ते सोडलंच नाही.