काठोकाठ भरलेला मग

पाणंदीत त्या सकाळी एक मेंढी, दोन गाड्या आणि चार आरसे होते. थोड्याच वेळात आरसे तीन उरले.

पाणंद एकाच गाडीपुरती होती. रुंद जागा टॅम्सिनच्या मागे जवळ होती, म्हणून रिवाजाप्रमाणे तिनं आपली गाडी मागे घेतली. समोरच्या लाल स्पोर्ट्‌स कारवाल्याला वाटलं, आपणच सभ्यपणा दाखवावा. तोही मागे गेला. मग दोघंही एकदमच पुढे आली. पुन्हा दोघंही मागे. दुसऱ्या खेपेला लाल गाडी सरळ कुंपणात घुसली.

"लागलं का?" टॅम्सिननं धावत येऊन विचारलं.

"आरशाला. मला नाही." आतून एक पाय बाहेर आला, मग जमिनीवर टेकलेला हात, मग उरलेला माणूस. यात इतका वेळ गेला, की मेंढीसुद्धा चरायची थांबून बघत राहिली. "मागचं काही दिसतच नाही हिच्यातून. नुसतं आभाळ."

"आणि पाठ?"

"पाठीचं नाव काढू नका." तो हसला. हसताना त्याचा एक डोळा आधी बारीक होतो, हे टॅम्सिनच्या उगाचच लक्षात आलं. "मी हेडली. लंडनहून आलोय, इथल्या शाळेत भूगोल शिकवायला. मला एखादी निवांत गाडी हवीय. कुठे मिळेल?"

टॅम्सिननं ग्रीसनं काळे झालेले हात कपड्यांना पुसले. "आमच्याकडेच."

टॅम्सिनचे बाबा, डेन्झिल, कॉर्नवॉलच्या त्या टोकाला जुन्या गाड्या विकत. गाडीची त्यांची परीक्षा एकच. चहानं काठोकाठ भरलेला मग समोरच्या काचेपाशी ठेवायचा, पाणंदीनं समुद्राच्या कड्यापर्यंत जायचं, आणि उरेल तो चहा तिथे गाडीतच बसून, लाटा बघत प्यायचा. जितका जास्त उरेल, तितकी गाडी निवांत.

शनिवारी पहिली, राखाडी गाडी निघाली. टॅम्सिनला त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठ होता. शेजारी हेडली श्वास रोखून मगाकडे बघत होता. तिला वाटलं, चहा टिकला, की हा गाडी घेणार… आणि मग कधीतरी पाणंदीत समोरून येईल, स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आभार मानेल आणि निघून जाईल.

चाक खड्ड्यात गेलं. अर्धा मग चहा हेडलीच्या मांडीवर.

"अरेरे," टॅम्सिन म्हणाली. "ही नाही चालायची."

"छे, मुळीच नाही," तो पँट झटकत म्हणाला.

पुढच्या शनिवारी निळी गाडी नापास झाली. त्याच्या पुढच्या शनिवारी हिरवी.

"काय गं," बाबा म्हणाले, "त्या निळ्या गाडीतून काल चर्चमधल्या बाई अंडी घेऊन गेल्या. एक फुटलं नाही."

"रस्ता खराब आहे, बाबा."

"रस्ता तोच आहे. आपल्या गाड्या धक्के देतात, असं गावात बोलायला लागलेत. धंदा बसेल, पोरी. या शनिवारी नीट चालव."

तिनं मान खाली घालून हो म्हटलं.

शनिवारी पिवळट रंगाची, पुढे एकच लांब सीट असलेली जुनी गाडी होती. "काय राजा, पँट जुनीच घातलीस ना?" बाबांनी हेडलीला विचारलं आणि चहाचा मग भरून दिला. टॅम्सिननं गाडी अशी चालवली, जणू मागे कुणी बाळ झोपलंय. कड्यावर पोचून तिनं इंजिन बंद केलं. काचेवर पाऊस भुरभुरत होता.

"सांडला नाही," हेडली म्हणाला.

"नाही."

"म्हणजे… पास?"

"पास." त्याच्यापेक्षा समुद्राकडे बघणं तिला सोपं वाटलं.

नजरेच्या कडेला काहीतरी हललं. हेडली एका बोटानं चहाचा मग हळूच ढकलत होता.

"हे काय करताय?"

"नापास करतोय."

टॅम्सिनचे कान लाल झाले. "एक सांगू? ते सगळे खड्डे… मी मुद्दाम घेतले होते."

"माहितीय. निळ्या गाडीच्या वेळी एक चुकला, तर तुम्ही त्याच्यासाठी गाडी मागे घेतलीत."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही थांबला असतात." तो जरा घुटमळला. "टॅम्सिन… मी ही गाडी घेतली, तर हिच्यात शेजारी बसशील? शनिवारी?"

"शनिवारी मला काम असतं. गिऱ्हाइकांना फिरवायचं असतं."

"अच्छा…"

"रविवारी मोकळी असते," ती म्हणाली. "आणि हात काढ तो मगावरून."

त्यानं काढला. तो कुठे ठेवावा, हे त्याला लगेच कळलं नाही. तिनं तो आपल्या हातात घेतला आणि लांब सीटवरून जराशी सरकली.

पाऊस थांबला तेव्हा कुठे टॅम्सिनला चहाची आठवण झाली. तिनं मगात बोट बुडवून पाहिलं.

चहा काठोकाठ होता. गार झाला होता.