हस्तपारखी

डॉ. नलिनी गुरव यांनी रुबिना तांबोळीच्या प्रबंधाचा संगणकी प्रोग्रॅम तिसऱ्यांदा वाचला, तरी त्यांच्या मनातला संशय काही जाईना. काम फारच नेटकं होतं. सहा महिन्यांपूर्वी हीच मुलगी साध्या चुकीपायी आठवडा घालवायची. पंचवीस वर्षं शिकवून बाईंची खात्री झाली होती, की इतकं गोड फळ आयतं पडत नाही. कुणीतरी लिहून दिलं असणार!

शहानिशा करायला बाईंनीच घडवलेलं यंत्र प्रयोगशाळेत होतं : हस्तपारखी.

"प्रोग्रॅममध्ये अक्षर दिसत नाही, पण सवयी दिसतात," त्यांनी प्रबंध तपासणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. कोरगावकर यांना सांगितलं. "माणूस कामाचे तुकडे कसे पाडतो, आधी काय तपासतो, कुठे हमखास चुकतो, त्यावरून यंत्र हात ओळखतं. यंदा तर शिक्षकांचेही नमुने त्यात भरलेत."

रुबिना समोर मान खाली घालून बसली होती. संशय खरा ठरला, तर तिची चार वर्षं पाण्यात जाणार होती.

बाईंनी कळ दाबली. पडद्यावर उत्तर उमटलं : लेखक डॉ. नलिनी गुरव, खात्री त्र्याण्णव टक्के.

कोरगावकरांनी चष्मा काढला. "बाई, ह्या चोराच्या उलट्या बोंबा म्हणायच्या का?"

"मी एक ओळही लिहिलेली नाही!" बाई कडाडल्या आणि रुबिनाकडे वळल्या. "माझ्या जुन्या फायली उचलल्यास तू?"

"नाही मॅडम." तिनं मान वर केली. "आत्ता नवा प्रश्न द्या. तुमच्यासमोर लिहिते."

प्रश्न कोरगावकरांनी काढला. बाई दोन तास रुबिनाच्या पाठीशी उभ्या राहून बघत होत्या. पोरीनं आधी शेवटचं उत्तर तपासणारा भाग लिहिला, मग तिथून उलटं मागे येत काम बांधलं. दिलेली यादी रिकामी निघाली तर काय, हे ती साफ विसरली. ते तिला अगदी शेवटी सुचलं. बाईही वर्गात असंच उलटं बांधत आणि फळ्यावर दरवर्षी नेमक्या इथंच चुकत.

यंत्रानं पुन्हा बाईंचंच नाव दिलं, पंच्याण्णव टक्के.

"हिनं चोरलं नाही, सर. ही शिकली," बाई म्हणाल्या. "यंत्र ओळखतंय तो शिकवणाऱ्याचा हात आहे."

रुबिनाला रडू फुटलं. बाईंच्या मनावरचं ओझं उतरलं. त्यांना थोडा अभिमानही वाटला आणि तो त्यांनी लपवला नाही.

कोरगावकर मात्र गंभीरच होते. "मागच्या वर्षी आपण तिघांना कॉपीबद्दल काढून टाकलं. तिघांच्या कामात एकच हात आहे, असं यंत्र म्हणालं होतं."

"तेव्हा शिक्षकांचे नमुने यंत्रात नव्हते," बाई कशाबशा बोलल्या.

"कुणाच्या वर्गातली होती ती मुलं?"

"माझ्या," बाई म्हणाल्या. "तिघंही पहिल्या बाकावर बसायची."